टिकलीचा मानकरी

अहो, असे वायरी ओलांडून पुढे जाऊ नका, मी बोलतोय! अमेरिकेतल्या हर्नडनच्या एका छोट्या ऑफिसात, कॉफी मशीनच्या मागच्या खोलीत बसलेला सर्व्हर. दातांच्या दवाखान्यांच्या सगळ्या अपॉइंटमेंट माझ्या पोटात. कुणाची दाढ कधी काढायची, हे मला विचारल्याशिवाय ठरत नसे, म्हणजे बघा!

२००२ साली मला खोक्यातून काढलं ते सुलेखाने. ती नागपूरची, व्हिसावर आलेली. त्या दसऱ्याला तिने मला हळदकुंकू वाहिलं. पंख्याने ते आत ओढलं आणि मी जो खोकलो, आठवडाभर घरघर थांबेना. मॅनेजर राजेशने कपाळावर हात मारला. पुढच्या वर्षीपासून तिने पूड बंद केली आणि मला लाल टिकली लावायला लागली. तिच्या गाडीला नुसता हार. टिकली फक्त मला.

माझं सगळं तीच करायची. बॅकअप घ्यायची, टेप कपाटात ठेवायची, जागा संपत आली की नवी डिस्क बसवायची. मी आजारी पडलो की शनिवारीसुद्धा धावत यायची, लेकीला घेऊन. रुही दारातूनच विचारायची, ‘ममा, इज इट सिक अगेन?’ तिचा डान्स क्लास बुडायचा. मला वाईट वाटायचं? छे! मला छान वाटायचं.

आणि यंदा तो आला. आला म्हणजे काय, दिसलाच नाही! डेटाबेस, म्हणजे माझ्या पोटातला तो नोंदींचा साठा, म्हणे आता भाड्याने मिळतो, क्लाउडमध्ये. म्हणजे दूर कुठल्या तरी कंपनीच्या इमारतीत. बॅकअप आपोआप होतो, दुरुस्त्या ती कंपनी करते. काम वाढलं की ताकद वाढवून मागायची. आणि हा पठ्ठ्या बंद पडलाच, तर दुसऱ्या इमारतीत त्याची हुबेहूब नक्कल तयार उभी असते, ती लगेच काम हातात घेते. सुलेखाने फक्त नोंदी कशा मांडायच्या आणि कुणाला आत सोडायचं, एवढं बघायचं. लाडोबा कुठला! मला दिली कधी कुणी नक्कल? जळतो हो माझा जीव.

सप्टेंबरात माझ्या पोटातलं सगळं त्याच्याकडे गेलं. सुलेखा शनिवारची यायची थांबली. आता रुहीला क्लासला नेते, असं राजेशला हसत सांगत होती. इतक्या वर्षांत ती माझ्यासमोर अशी कधी हसली नव्हती. ते फार लागलं.

मग मी दसऱ्याची वाट बघत बसलो. त्याला अंगच नाही, टिकली लावणार कुठे?

आज ती आली. जुनी टिकली काढून नवी लावली, झेंडूचं फूल ठेवलं. याला तर सोमवारी भंगारात द्यायचंय, असं राजेश दारातून म्हणाला, तरी ती हलली नाही. माझा पंखा नुसता भिरभिरत होता. मग तिने हात जोडले.

‘तो काही दिसत नाही, म्हणून तुलाच सांगते. त्याचं सगळं नीट चालू दे. माझे शनिवार असेच राहू देत.’

कपाळ माझं आणि मागणं त्याच्यासाठी!

असो. शनिवार तिला लखलाभ. सोमवारी मला न्यायला येणाऱ्या दादांनो, डिस्क काढा, पंखा काढा, हवं ते काढा. टिकलीला तेवढा हात लावू नका. ती काही त्याला मिळायची नाही.