रानतुळशीची उशी

"अहो, हे गाजरगवत आहे!"

खाटेवर पडल्या पडल्या बायको हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. गादीवाल्याने टेकडीवरून मोठ्या ऐटीत आणलेला भारा खाटेच्या पायथ्याशी पडला होता.

"पांढरी फुलं आहेत की," तो म्हणाला.

"पांढरी तर कोंबडीसुद्धा असते. नाकाशी धरून बघायचं होतंत."

"धरलं ना. शिंका आल्या."

"येणारच. आता बसा हात खाजवत."

तो केव्हाचाच खाजवत होता. तिला न सांगता रानतुळस आणून चकित करायचं, असा त्याचा बेत होता. त्या बेताचे बारा वाजले होते.

खरं तर हा माणूस जन्मभर रानतुळशीच्या जिवावरच जगला होता म्हणायला हरकत नाही. गादीवाले गावात आणखीही होते, पण उशी हवी असली की लोक वाट वाकडी करून त्याच्याच दुकानात येत. कारण त्याच्या उशीत कापसाबरोबर वाळक्या रानतुळशीची एक मूठ असायची. तिच्यावर डोकं टेकलं की माणूस गाढ झोपतो, असं सगळे म्हणत. कोपऱ्यावर राहणारा बस ड्रायव्हर तर चारचौघांत सांगायचा, "रात्रपाळी करून मी भर दुपारी झोपतो. गादीवाल्यांची उशी नसती तर बस केव्हाच नाल्यात घातली असती." गादीवाला मान डोलवून हे कौतुक स्वतःच्या खिशात घालायचा.

पण ती मूठ यायची कुठून? पावसाळा सरला की बायको विळा घेऊन टेकडीवर जायची आणि फुलावर आलेली रानतुळस कापून आणायची. सावलीत वाळवायची, चोळायची आणि गाठोडं दुकानात ठेवून द्यायची. सर्दी झाली की शेजारीपाजारी वाफाऱ्यासाठी तिच्याकडेच पाला मागत. धान्याच्या डब्यात किडा होऊ नये म्हणून मूठभर, डासांसाठी धुरीला मूठभर, असं करत ती अर्धी रानतुळस वाटूनच टाकायची. गादीवाल्यापर्यंत यायचं ते फक्त गाठोडं. हिरवी रानतुळस दिसते कशी, हे बघायला तो कधी घराबाहेर पडला नव्हता. दुकान कोण सांभाळणार?

यंदा तिने छातीचं मोठं दुखणं काढलं. दवाखान्यातून घरी आली तेव्हा जुनं गाठोडं संपलेलं होतं आणि तिची झोपही. जरा डोळा लागला की दचकून उठायची. डॉक्टर म्हणाले होते, "झोप लागू दे, मग अंग धरेल." भारा आणला त्या दिवशी सकाळी तिची उशी सरळ करताना गादीवाल्याच्या हाताला गाठी लागल्या. उशीत दुकानाच्या झाडलोटीत निघालेला टाकाऊ कापूस भरलेला होता. अख्ख्या गावाला झोपवणाऱ्या बाईच्या डोक्याखाली काय होतं, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. त्याला फार लाज वाटली. गाजरगवताचा तो भारा त्या लाजेतून आला होता.

"उद्या परत जातो," तो म्हणाला. "नीट सांग."

"काडी बोटांत फिरवून बघा. चौकोनी लागली पाहिजे. मग पान चुरगाळा. वास तर तुम्हाला ठाऊकच आहे."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिंपीणबाईंना तिच्याजवळ बसवून तो निघाला. चढ सरळ छातीवर येत होता. मुरुमावरून पाय घसरत होते. बायको घरी येऊन लगेच चूल पेटवायची, त्यामुळे टेकडी म्हणजे परसदार असणार, असंच त्याने धरलं होतं. वर पोचेपर्यंत त्याला दोनदा बसावं लागलं. हीच वाट ती डोक्यावर भारा घेऊन उतरायची.

वरच्या अंगाला कमरेइतकी झुडपं दाट माजली होती. त्याने एक काडी बोटांत धरली. सूत, कापूस, कापड, सगळं तो बोटांनीच ओळखायचा. काडी फिरवली तर चार कडा स्पष्ट लागल्या. पान चुरगाळलं आणि आपलं दुकानच टेकडीवर आल्यासारखं त्याला वाटलं. तोच पाला त्याने हातांवर चोळला. खाज जरा निवली.

मधमाश्या फुलांवर गर्दी करून होत्या. गादीवाला विळा हातात धरून नुसताच उभा राहिला. "बाई गं," तो मोठ्यांदा म्हणाला, "केवढं केलंस!" तिथे ऐकायला कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर एवढंही त्याच्या तोंडून निघालं नसतं.

पुढचे दिवस जुड्या घरभर दोरीवर लटकत होत्या. बायको खाटेवरून हुकूम सोडत होती. "उन्हात नको, वास उडेल." "देठ निवडून काढा, मानेला टोचतील." कापूस त्याने निवडून निवडून घेतला. तो टाके घालत असताना ती म्हणाली, "बारीक घाला. गिऱ्हाइकाचं काम समजून करा."

"गिऱ्हाईक फार खडूस आहे," तो म्हणाला.

दुपारी त्याने उशी तिच्या डोक्याखाली सरकवली. तिने कूस बदलली आणि एक मोठा श्वास घेतला.

"अगं बाई! लोकांना मी हे देत होते होय?"

"मला काय माहीत! मी आपला शिवत होतो."

"वर सगळं फुललंय का?"

तो सांगू लागला. झुडपं, मधमाश्या, त्याचं दोनदा बसणं. मग टेकडीवर म्हणाला होता ते तिला सांगावं म्हणून त्याने घसा साफ केला. बघतो तर तिचा श्वास संथ लागला होता. तोंड किंचित उघडं पडलं होतं.

मधला पडदा सारून तो पुढच्या दुकानात आला. वसतिगृहाच्या गाद्या उद्या द्यायच्या होत्या. त्याचा हात पिंजण्याच्या मशीनच्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला. ते यंत्र सुरू झालं की भिंती हादरायच्या. तो खाली बसला, कापसाचा ढीग पुढे ओढला आणि एकेक पुंजका बोटांनी मोकळा करू लागला.

"काय गादीवाले!" बस ड्रायव्हर दारातूनच गरजला. गादीवाल्याने ओठांवर बोट ठेवलं.

"मशीन बिघडलं?" ड्रायव्हरने आवाज खाली आणत विचारलं.

"नाही. ती झोपलीय." मग गादीवाला म्हणाला, "तुमच्या उशीतली ती रानतुळस, ती तिचीच हो. सगळी तिचीच."

ड्रायव्हरने पडद्याकडे पाहिलं. चपला काढून तो आत आला, मांडी घालून बसला आणि थोडा कापूस स्वतःच्या पुढ्यात ओढला.

"कसा करायचा?" त्याने कुजबुजत विचारलं.

"हळू," गादीवाला म्हणाला.