नवरदेवाचा मित्र

जयदीप उजागरे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानावर बोलायला उभा राहिला की कॅनडातल्या केंब्रिजच्या मराठी मंडळीतली मुलंसुद्धा फोन खाली ठेवायची. तो काही शिकलेला पाळक नव्हता. आठवडाभर मोटारींच्या कारखान्यात पेंट शॉपमध्ये टीम लीडर, आणि रविवारी दुपारी एका इंग्रजी चर्चच्या बेसमेंटमध्ये उपदेशक. नगर, जालना, नाशिक, पुणे अशा कुठून कुठून आलेली ख्रिस्ती कुटुंबं तिथं जमायची, आणि ही मंडळी जयदीपनेच आपल्या लिव्हिंग रूममध्ये सुरू केली होती. योहान त्याचा खास विषय. योहानाच्या म्हाताऱ्या बापाला, जखऱ्याला, देवदूताच्या शब्दावर विश्वास ठेवता आला नाही म्हणून मुलगा होईपर्यंत वाचा गेली, तो प्रसंग तो असा सांगायचा की हॉलमध्येही कुणाला बोलावंसं वाटत नसे. मग ते रान, उंटाच्या केसांचं वस्त्र, टोळ आणि रानमध, आणि यार्देन नदीच्या काठी जमलेल्या मोठमोठ्या लोकांना तोंडावर ‘सापाची पिल्लं’ म्हणणारा तो माणूस. ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, असं योहान सांगायचा. जयदीपने एकदा हेच विंटर जॅकेटवर आणून ठेवलं, आणि पुढच्या रविवारी हॉलच्या दाराशी जॅकेटांचा ढीग पडला.

परीक्षित आढाव हा त्याचा मावसभाऊ, त्याच्याहून बराच लहान. पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून तो कॅनडात आला तेव्हा जयदीपनेच त्याला आपल्या बेसमेंटमध्ये ठेवून घेतलं, बँकेत नेलं, रिझ्युमे दुरुस्त करून दिला. जवळच्याच ग्वेल्फ गावातल्या एका फूड कंपनीत नोकरी लागल्यावरही तो बरेच दिवस जयदीपकडेच राहिला. जयदीपच्या बायकोशी, माधवीशी, त्याचं चांगलं जमलं. त्या हिवाळ्यात एका सकाळी दोघे भाऊ ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने उपसत होते. परीक्षित मध्येच थांबला आणि म्हणाला, “दादा, तुला एक सांगायचंय. तू मला मंडळीत बोलायला उभं करतोयस, तर तुला माहीत असायला हवं.” पुण्याच्या चर्चमध्ये तो तरुणांचा पुढारी होता आणि त्याच काळात दारू प्यायचा. एकदा तरुणांच्या शिबिरात तो पिऊनच आला, मुलांसमोर पडला, तेव्हा त्याला काढून टाकलं. लग्न ठरलं होतं तेही मोडलं. त्यानंतर त्याने पूर्ण सोडली. “आता हातसुद्धा लावत नाही,” तो म्हणाला.

जयदीपने शोव्हल बर्फात रोवलं आणि त्याला जवळ घेतलं. “झालं ते झालं,” तो म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं होतं. रात्री माधवीला सांगतानाही त्याचे डोळे भरून आले होते.

परीक्षितला मंडळीसमोर पहिल्यांदा त्यानेच उभं केलं. “माझा भाऊ आहे, ऐका त्याचं,” असं सांगून तो खाली बसला. परीक्षितचा आवाज बारीक, बोलणं निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी. तो उपदेश करायचाच नाही. एक प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट बघत गप्प बसायचा. जयदीपला वाटलं, बिचारा घाबरला असेल. पण उपासना संपल्यावर परीक्षितभोवती तरुण पोरांचा घोळका झाला, आणि चहाचे कप गोळा करताना जयदीपच्या लक्षात आलं की आपण सारखे त्या घोळक्याकडेच बघतो आहोत.

उन्हाळा लागेपर्यंत परीक्षितने ग्वेल्फला स्वतःची जागा घेतली आणि दर बुधवारी संध्याकाळी तिथं मुलं जमू लागली. मग मुलांना सोडायला येणारे आईवडीलही बसू लागले. मंडळीचा कारभार बघणारा शैलेंद्र पारधे एका रविवारी खुर्च्या मांडताना म्हणाला, “बुधवारी आपल्यापेक्षा गर्दी असते म्हणे. कालपरवा आलेला माणूस, आणि सगळे त्याच्याकडे चाललेत. तुम्हाला काही वाटत नाही?”

“देवाचं काम आहे,” जयदीप म्हणाला. “वाटायचं काय त्यात?”

त्या उन्हाळ्यात तो योहानाचं सगळं आयुष्य क्रमाने घेत होता, आणि योगायोग असा की पुढच्या रविवारी नेमका तोच भाग होता. योहानाचे शिष्य त्याच्याकडे धावत येतात आणि तक्रार करतात, तुम्ही ज्या येशूला पाण्यात उतरवलंत तो आता स्वतःच लोक जमवतोय. योहान म्हणतो, लग्न नवरदेवाचं असतं. मित्र शेजारी उभा राहतो, त्याचा आवाज ऐकतो आणि त्यातच खूश होतो. त्याने वाढावं, मी कमी व्हावं. जयदीप त्या दिवशी फार सुंदर बोलला. बायका पदराने डोळे पुसत होत्या. बाहेर पार्किंगमध्ये एक बाई त्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “ब्रदर, किती छान. परीक्षितनेही बुधवारी हाच भाग घेतला होता. आज तुमच्यामुळे त्याचं बोलणं नीट कळलं.”

जयदीप हसला, सलाम केला, गाडीत बसला आणि चावी हातात धरून बसून राहिला. माधवी शेजारी होती. “काय झालं?” तिने विचारलं.

“काही नाही. ऊन लागलं.”

दरवर्षी ऑगस्टमध्ये मंडळी ग्रँड नदीवर जायची. एका वळणावर पाणी कमरेएवढं आणि संथ होतं, तिथं जयदीप बाप्तिस्मे द्यायचा. वर्षभर तो त्या दिवसाची वाट बघायचा. त्याची मुलगी सलोनी सतरा वर्षांची झाली होती. तिच्याबरोबरीच्या सगळ्यांचे बाप्तिस्मे झाले, पण ती दर वेळी “नॉट येट” म्हणायची आणि जयदीप जबरदस्ती करत नसे. जुलैमधल्या एका संध्याकाळी तो कांदा चिरत असताना ती किचनच्या दारात येऊन उभी राहिली.

“डॅड, आय थिंक आय एम रेडी. धिस समर.”

जयदीपने सुरी खाली ठेवली. त्याने हात पुसले आणि तिच्याकडे वळला, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, “अँड आय वाँट परीक्षित काका टू डू इट. इज दॅट ओके?”

“का गं?” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“ही आस्क्स मी थिंग्ज,” ती म्हणाली. “यू ऑलवेज ऑलरेडी नो.”

“ओके,” तो म्हणाला. “ऑफ कोर्स.” ती त्याच्या गळ्यात पडली. तिच्या खांद्यावरून तो ओट्यावरच्या कांद्याकडे बघत राहिला. पेंट शॉपमध्ये रंगाच्या दोन थरांमध्ये धूळ अडकली की वरून कितीही चकाकी आणा, आत खडा राहतोच. तसं काहीतरी त्याच्या छातीत अडकलं. तिला पोहायला मी शिकवलं. पाण्यात तिची पाठ पहिल्यांदा मी धरली. आणि हा कालचा, दारू पिऊन पोरांसमोर पडलेला.

त्याच शनिवारी तो शैलेंद्रला कॉफीला भेटला. नदीवर कोण काय आणणार हे ठरवायचं होतं. ते ठरल्यावर जयदीप उठला नाही. कपाचं झाकण फिरवत बसला.

“शैलेंद्र, एक प्रार्थनेचा विषय आहे,” तो म्हणाला. “आपल्यातच ठेव. परीक्षितसाठी प्रार्थना कर.” आणि त्याने सगळं सांगितलं. शिबिर, दारू, मोडलेलं लग्न. सांगताना आवाजात काळजी होती आणि एकही शब्द खोटा नव्हता. फक्त आपण हे का सांगतो आहोत ते त्याला पक्कं माहीत होतं.

शैलेंद्रने आपला कप बाजूला सारला. “आपली पोरं त्याच्या घरी असतात,” तो म्हणाला. “हे मला कमिटीला सांगावं लागेल.”

“तुला योग्य वाटेल ते कर.”

कमिटीने परीक्षितला बोलावलं. त्याने काहीच नाकारलं नाही. हो, असं झालं होतं, म्हणाला. बुधवारची बैठक थांबवावी, आणि निदान वर्षभर त्याने बाप्तिस्मा देऊ नये, असं ठरलं. हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्याने विचारलं नाही. पंधरवड्यात तो मॉन्ट्रियलजवळ ब्रॉसार्डला निघून गेला. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली होती. जाताना माधवीला फोन केला. जयदीपला केला नाही.

सलोनीने बाप्तिस्मा घेणार नाही म्हणून सांगितलं. ऑगस्टमध्ये नदीवर इतर दोघांचे बाप्तिस्मे झाले. ती काठावर नदीकडे पाठ करून बसली होती. जयदीपसमोर आता स्पर्धक नव्हता. पण रविवारी मागच्या रांगा मोकळ्या राहू लागल्या.

एके दिवशी कपड्यांच्या घड्या घालताना माधवी म्हणाली, “ते त्याने फक्त तुला सांगितलं होतं. आणि तू मला.”

जयदीपने घडी घालायला एक टॉवेल उचलला.

“मी कुणाला सांगितलं नाही,” ती म्हणाली. तिने त्याच्या शर्टांची चळत पलंगावर ठेवली आणि खोलीबाहेर गेली.

योहानाच्या आयुष्यातला तुरुंगाचा भाग तेवढा राहिला होता. जयदीप एरवी तो भरभर उरकायचा, कारण त्यात योहान डळमळतो. राजाने आपल्या भावाची बायको घरात आणली म्हणून योहान त्याला सरळ बोलला, आणि राजाने त्याला कोंडलं. ज्याच्यासाठी आयुष्यभर वाट तयार केली, त्या येशूचीच त्याला तिथं शंका येऊ लागते. तो शिष्यांकडून विचारून घेतो, जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट बघायची? त्या रविवारी जयदीप इथवर आला. पुढचं त्याला तोंडपाठ होतं. निरोप घेऊन शिष्य परत फिरतात, आणि ते गेल्यावर, योहानाला ऐकू जाणार नाही अशा वेळी, येशू लोकांकडे वळून सांगतो की बायकांच्या पोटी जन्मलेल्यांत योहानाहून मोठा कुणी झाला नाही.

“पाठीमागे,” जयदीप म्हणाला आणि थांबला. लोक वाट बघत राहिले. “येशूने हे कौतुक योहानाच्या पाठीमागे केलं,” त्याने वाक्य कसंबसं पुरं केलं. पुढचा उपदेश झालाच नाही. त्याने एक प्रार्थना म्हटली आणि बसला. लोकांना वाटलं, तब्येत बरी नाही.

हॉल रिकामा झाल्यावर त्याने शैलेंद्रला थांबवलं. “परीक्षितचं मी तुला सांगितलं, ते प्रार्थनेसाठी नव्हतं,” तो म्हणाला. “मी जळत होतो. कमिटीला हेही सांग.”

शैलेंद्र खाली बघत म्हणाला, “कुठेतरी मलाही माहीत होतं. मी विचारलं नाही.”

पुढच्या शनिवारी जयदीप पहाटे निघाला आणि दुपारी ब्रॉसार्डला पोहोचला. परीक्षितने दार उघडलं तेव्हा समोरच्या घरातली म्हातारी त्याला ‘बोंजूर’ म्हणत होती. त्याने तिला उत्तर दिलं, मग जयदीपकडे बघितलं, आणि दारातून बाजूला झाला. टेबलावर फ्रेंचच्या वर्गाची पुस्तकं होती. त्याने चहा टाकला.

“मी सांगितलं होतं,” जयदीप म्हणाला.

“माहीत आहे. त्या सकाळी बर्फात आपण दोघंच होतो.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“तू खोटं बोलला असतास तर ते मला सहन झालं नसतं.” परीक्षितने कप त्याच्यापुढे सरकवला. “मला राग आहे, दादा. अजून आहे. तू आलास म्हणून गेला नाही.”

“असू दे,” जयदीप म्हणाला. “मी तो घालवायला आलो नाही. सलोनीने तुझ्या हातून बाप्तिस्मा मागितला होता. मला ते बघवेना. ती अजून थांबली आहे. माझं कारण कळल्यावर कमिटीने हरकत काढून घेतली आहे. येशील?”

परीक्षितने टेबलावरची पुस्तकं एका बाजूला लावली. “मंडळीत परत येणार नाही,” तो म्हणाला. “इथं मी मागच्या बाकावर बसतो. मला कुणी ओळखत नाही. बरं वाटतं. पण पोरीसाठी येईन.”

तो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आला. नदीकाठच्या मेपलची पानं लाल व्हायला लागली होती आणि पाणी इतकं गार की परीक्षित आत उतरताना शिव्या गिळतोय हे काठावरूनही कळत होतं. मोजकीच माणसं होती. जयदीप काठावर उभा होता. परीक्षितने सलोनीच्या पाठीखाली हात घातला, तिला काहीतरी विचारलं, ती हसून ‘येस’ म्हणाली आणि पाण्याखाली गेली. जयदीपला वाटलं होतं, या क्षणी आपलं मन स्वच्छ होईल. तसं झालं नाही. तो खडा तिथेच होता, आणि ती वर येऊन आधी परीक्षितच्या गळ्यात पडली तेव्हा तो टोचला. तरी तो जागचा हलला नाही, आणि नजरही दुसरीकडे वळवली नाही. बाकीचे गाऊ लागले तसा तोही गायला लागला.

परीक्षित संध्याकाळीच परत गेला. जाताना त्याने जयदीपला मिठी मारली नाही, हात मिळवला. “पोहोचल्यावर फोन करतो,” म्हणाला.

घरी येताना माधवी मागे झोपली होती. पुढच्या सीटवर सलोनी ओल्या केसांची वेणी घालत होती. तिने हे सगळं आईकडून ऐकलं होतं.

“डिड इट हर्ट?” तिने विचारलं. “वॉचिंग?”

“हो,” जयदीप म्हणाला.

“अ लॉट?”

“बऱ्यापैकी.”

तिने वेणीला रबर लावलं. मग म्हणाली की बुधवारची बैठक तिला आणि दोघातिघांना परत सुरू करायची आहे, ग्वेल्फलाच, पण तिला अजून गाडी चालवायचं फुल लायसन्स नाही. जयदीप म्हणाला, मी सोडेन. आणि आत येऊन बसू का, हे विचारायच्या आधीच ती म्हणाली, “यू कॅन सिट इन. जस्ट डोंट आन्सर एव्हरीथिंग.”