किल्ली माझ्यापाशी

नियम १. बंदूक रिकामी असावी.

होती. नळी रिकामी, काडतुसांचा खण रिकामा, काडतूस आत सारणारा बोल्ट काढून लोकरीच्या मोज्यात गुंडाळून पेटीच्या कोपऱ्यात. अगाफियानं हे सगळं सकाळी स्वतःच्या हातानं केलं होतं आणि वर खणात बोट घालूनही पाहिलं होतं. नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं वय तिचं आता राहिलं नव्हतं.

"बंदूक रिकामी आहे का?" काउंटरपलीकडून डस्टिननं विचारलं.

अगाफियानं भुवया उंचावल्या.

"बाई, बंदूक रिकामी आहे का?"

तिनं पुन्हा उंचावल्या. या वेळी जरा जास्तच.

"मी काहीतरी विचारतोय तुम्हाला!"

"दोनदा हो म्हणाली की ती," मागून ओलिंका म्हणाली. "आता आणखी वर नेल्या तर भुवया केसांत शिरतील तिच्या."

रांगेत खसखस पिकली. डस्टिन या काउंटरवर नवा होता. अँकरेजच्या विमानतळाच्या या टोकाला, जिथून नदीकाठच्या गावांकडे पंख्यांची विमानं सुटतात, तिथं बोलण्याआधी चेहरे वाचायला शिकावं लागतं. त्याला ते अजून कोणी सांगितलं नव्हतं.

नियम ४. कर्मचाऱ्यानं विचारल्यास बंदूक नेण्याचं कारण सांगावं.

(दोन आणि तीन नंतर. डस्टिननंही याच क्रमानं विचारलं.)

"कशासाठी नेताय?"

आली पंचाईत. ज्याच्यासाठी नेतात त्याचं नाव घ्यायचं नसतं. घोड्याहून उंच, फावड्यासारखी शिंगं, गळ्याखाली लोंबती झोळी, आणि कान हे एवढाले. ते कान काही शोभेला दिलेले नाहीत. कोणी शहरात उभं राहून 'तुला मारायला येतेय' म्हटलं, तर तो तिकडे नदीवर ऐकतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. म्हणून आपणही त्याचं नाव इथे घेऊ नये.

"फिरायला," अगाफिया म्हणाली.

"बंदूक घेऊन फिरायला?"

"हातात काहीतरी असलं की बरं वाटतं."

"म्हणजे शिकारीला चाललात."

रांगेत कोणीतरी उगाच खोकलं. म्हाताऱ्या एव्हॉननं छताकडे पाहिलं.

"बघू," अगाफिया घाईघाईनं म्हणाली. "पाय नेतील तिकडे."

डस्टिननं कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

नियम २. नारिंगी चिठ्ठीवर सही करून ती पेटीत ठेवावी.

केली. ठेवली. पेटीला चार कुलपं लावली. चारही कुलपांना एकच किल्ली, आणि ती तिच्या गळ्यात, क्रुसाच्याच दोऱ्यात.

नियम ३. पेटी टणक व कुलूपबंद असावी. किल्ली फक्त प्रवाशापाशी राहील.

हा नियम डस्टिनच्या डोक्यामागच्या फळ्यावर लावला होता, पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही तो दिसत होता. दिसत नव्हता तो एकट्या डस्टिनला.

"किल्ली द्या," तो म्हणाला. "आत नेऊन तपासतात."

"नाही."

गेल्या वर्षी तिनं दिली होती. इथेच, याच काउंटरवर. तेव्हा उभा असलेला माणूस दुसरा होता, वाक्य हेच होतं. दस्ता फुटला म्हणून बंदूक शहरात दुरुस्तीला आणली होती आणि ती घेऊन परत निघाली होती. किल्ली मागितली, तिनं काढून दिली. आईनं शिकवलं होतं की परक्याशी वाद घालू नये, आवाज चढवू नये, दुखावलेलं मन आपल्याच घरावर उलटतं. दहा मिनिटांनी किल्ली परत आली. पेटीही गेली विमानात. मग नदीवर, तिसऱ्या दिवशी, तो मोठ्या कानांचा चाळीस पावलांवर येऊन उभा राहिला. स्वतःहून आला होता, स्वतःला द्यायलाच आला होता. तिनं श्वास धरला, नेम धरला, चाप ओढला. गोळी त्याच्या अंगापासून हातभर डावीकडे विलोच्या झुडपात गेली. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे चालत निघून गेला.

चाळीस पावलं! तिच्या नातवाची गोळीही चुकली नसती.

घरात नऊ तोंडं. हिवाळाभर तिच्या ओसरीवर दुसऱ्यांच्या घरचं मांस येऊन पडत राहिलं, पिशवीत बांधून, कोणी काही न बोलता. घेताना ती मान खाली घालायची, कारण उलट धाडायला तिच्याकडे काही नव्हतं. आणि नाचाच्या दिवशी ओलिंकानं तिच्यावर गाणं रचलं. अगाफियानं विलो मारला, विलो मारला हो. विलो शिजायला वेळ लागतो, चुलीत घाला हो. सगळं सभागृह हसून लोळलं. ओलिंका तिची आतेबहीण. आत्या-मामाच्या लेकरांनी एकमेकांची टर उडवायचीच असते आणि ज्याची उडवली त्यानं रागवायचं नसतं, म्हणून अगाफियाही नाचली. सर्वांत मोठ्यानं हसली ती तीच.

या सप्टेंबरात तिनं बंदूक पुन्हा शहरात आणली. कारागिरानं ती शिकंज्यात धरली, तिच्यावरच्या नेमाच्या दुर्बिणीतून पाहिलं आणि विचारलं, "कोणी पाडली?"

"मी नाही."

"मग पेटी तुमच्याशिवाय कोणी उघडली होती?"

आता दुर्बीण पुन्हा सरळ झाली होती. हंगामाचे चार दिवस उरले होते. तिनं पेटी परक्या हातात सोडायची की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता. ती काउंटरवर उभी होती, आणि किल्ली गळ्यात होती.

पुढचं जसं झालं तसं:

"किल्ली दिल्याशिवाय पेटी जाणार नाही."

"मग इथेच उघडते, तुमच्यासमोर."

"इथे नाही. आत."

"मग मीही आत येते."

"प्रवाशांना आत येता येत नाही."

"मग तपासणाऱ्यांना बाहेर बोलवा."

"तसं करत नाही आम्ही."

"तुमच्या डोक्यामागे लिहिलंय."

"ते जुनं आहे."

"तुम्ही मागं वळून बघितलं नाहीत."

"जुनं आहे म्हणतोय ना!"

"बरं. मग नवं दाखवा."

"हे बघा बाई, विमान अकराला सुटतं. तुम्ही आज जा, पेटी उद्याच्या विमानानं पाठवतो."

"उद्या धुकं आहे."

"हवामान खातं तर म्हणतंय..."

"उद्या धुकं आहे," रांगेतली तीन माणसं एकदम म्हणाली.

"दे गं किल्ली," ओलिंका मागून म्हणाली. "तुझ्यापाशी राहून तरी काय होणार आहे? विलोच पडणार."

"तुझी दाढ काढलीय ना आज? मग कापूस चाव आणि गप्प बस."

"चावतेय. पण तुला हसायला दाढ लागत नाही."

डस्टिननं दोन्ही हात काउंटरवर टेकले. "शेवटचं विचारतो. किल्ली देताय की बाजूला होताय?"

अगाफियाचा आवाज अजून चढला नव्हता. आईचा शब्द तिला मोडायचा नव्हता. पण आवाज चढवू नकोस म्हणणाऱ्या आईनं खाली बसू नकोस असं काही कधी सांगितलं नव्हतं. तिनं वजनकाट्यावरची पेटी उचलली, काउंटरसमोरच फरशीवर आडवी ठेवली आणि तिच्यावर बसली. बूट जुळवून, हात मांडीवर ठेवून, भाजलेल्या पावाची वाट बघत बसावं तशी.

"पुढचा!" डस्टिन तिच्या डोक्यावरून ओरडला.

पुढची ओलिंका. तिच्याकडेही लांब काळी पेटी.

"बंदूक?"

भुवया.

"कशासाठी?"

"फिरायला."

"किल्ली?"

ओलिंकानं फळ्याकडे पाहिलं, मग अगाफियाकडे, मग पुन्हा फळ्याकडे. तिनं आपली पेटी खाली ठेवली, अगाफियाच्या पेटीला लावून, आणि बसली.

"तू कशाला?" अगाफिया पुटपुटली.

"तू यंदाही रिकाम्या हातानं आलीस तर मला नवं गाणं रचावं लागेल. मला तेवढं सुचत नाही."

"पुढचा!"

पुढचा एव्हॉन. त्याच्याकडे बंदूक नव्हतीच. पणतीसाठी लंगोटांचे दोन खोके होते.

"तुमच्याकडे काही जाहीर करण्यासारखं?"

"गुडघे," एव्हॉन म्हणाला. एका खोक्यावर बसला आणि दुसऱ्यावर पाय ठेवले.

मग त्याच्यामागचा. मग त्याच्या मागची नवराबायको, एका पेटीवर दोघं, पाठीला पाठ लावून. मग गळ्यात कॅमेरा अडकवलेला टेक्ससचा एक पाहुणा, ज्याला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण त्याच्याकडेही पेटी होती आणि तिच्यावर बसता येत होतं. अकरा पेट्या. एकतीस माणसं. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. कोणीतरी थर्मास उघडला, कोणीतरी धुरवलेल्या माशाच्या पट्ट्या काढून रांगेतून पुढे सरकवल्या, आणि दहा वाजून पंचवीस मिनिटांनी काउंटरसमोर एकही माणूस उभा नव्हता. विमानतळाच्या त्या टोकाला नदीकाठच्या घरासारखा वास सुटला.

"उठा," डस्टिन म्हणाला. "उठा, नाहीतर मी सुरक्षावाल्यांना बोलावतो."

"तेच तर म्हणतेय केव्हाची," अगाफिया म्हणाली.

डस्टिननं फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. आता त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अगाफियाला त्याची जराशी दयाही आली. हे पोरगं कोणाच्या तरी हुकमानं उभं असणार, घरी त्याचीही आई असणार. पण दया आली म्हणून किल्ली देणं म्हणजे गेल्या वर्षीचीच चूक पुन्हा करणं. तिनं माशाचा तुकडा चावला.

दहा चाळीसला आतलं दार ढकलून वैमानिक आला. हातात कॉफीचा कागदी पेला.

"डस्टिन, माझी माणसं कुठायत?"

डस्टिननं खाली बोट दाखवलं.

वैमानिकानं काउंटरवर झुकून पाहिलं. वीस वर्षं तो या लोकांना ने-आण करत होता. "अगाफिया! काय झालं?"

"काही नाही. फळा वाचत बसलोय."

वैमानिकानं फळा वाचला. मोठ्यानं, तिसऱ्या नियमावर थांबून, निळ्या अक्षरांवर बोट ठेवून. मग कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला, "डस्टिन, मला अकराला उडायचंय, तिकडे दुपारी ढग खाली येतात. तपासनीस बाईंना बाहेर बोलव."

"पण मला सांगितलंय की आतच..."

"कोणी सांगितलं त्याला नंतर माझ्याकडे पाठव. आत्ता बाईंना बोलव."

तपासनीस बाई आल्या. पिकल्या केसांच्या, हातात निळे मोजे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किल्ली कोणाकडे?"

"माझ्यापाशी."

"मग उघडा तुम्हीच."

अगाफियानं गळ्यातला दोरा न काढता, वाकून, चारही कुलपं उघडली. बाईंनी खणात बोट घातलं, मोजा उलगडून बोल्ट पाहिला, फडक्याचा तुकडा पेटीच्या कडांवरून फिरवला. दुर्बिणीला हात लागणार तेवढ्यात अगाफिया म्हणाली, "तिथं नको." बाईंनी हात मागे घेतला.

"लावा कुलपं."

सगळं मिळून चार मिनिटं. एका बंदुकीला चार, अकरा बंदुकांना चव्वेचाळीस, म्हणजे अकराचं विमान काही अकराला उडणार नव्हतं. पण माणसं एकेक करून उठली, ज्यानं त्यानं आपापली पेटी आपल्या हातानं उघडली आणि मिटली, आणि डस्टिन खाली मान घालून चिठ्ठ्या लावत राहिला. त्याला कोणी टोमणा मारला नाही. ओलिंका मारणार होती, पण अगाफियानं तिच्या पायावर पाय दिला.

विमानाकडे चालत जायचं. वारा समोरून. शिडीपाशी पोचल्यावर अगाफियाला दिसलं की विमानाच्या पोटाचं दार लागत होतं आणि हातगाडीवर एक पेटी तशीच राहिली होती. तिचीच.

हमाल खांदे उडवत म्हणाला, "भरलं सगळं. ही उद्या येईल."

अगाफियानं शिडीच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला आणि तिथेच थांबली. शिडी अरुंद होती. तिच्यामागे तीस माणसं वाऱ्यात उभी राहिली.

"बाई, चढा ना."

"ती चढली की चढते."

हमालानं मागच्या रांगेकडे पाहिलं. रांगेत कोणालाच थंडी वाजत नव्हती असं दिसत होतं. त्यानं दार पुन्हा उघडलं, टपालाच्या दोन पिशव्या ओढून बाहेर काढल्या आणि पेटी एका टोकाला धरून उचलली.

"दोन्ही हातांनी," अगाफिया म्हणाली. "आडवी. तिच्यावर काही ठेवू नकोस."

त्यानं दोन्ही हातांनी आडवी ठेवली. मग पिशव्या घेतल्या, क्षणभर घुटमळला आणि पेटीच्या बाजूला लावून ठेवल्या.

दाराची कडी लागल्याचा आवाज तिनं ऐकला. मग ती चढली, सावकाश, एकेक पायरी, आणि मागच्या कोणीही तिला घाई केली नाही.