सुपरवायझर, कोल्ड स्टोरेज

कमळने आयुष्यात एक दिवसही नोकरी केली नव्हती. पहाटे वेसाव्याच्या धक्क्यावर माल घ्यायचा आणि चार बंगल्याच्या बाजारात बसून विकायचा, हे तिचं बत्तीस वर्षांचं काम. तरीही तिच्या कर्जाला नोकरी गेल्यास हप्ते भरणारा विमा जोडलेला होता, आणि त्याचे एक्केचाळीस हजार तीनशे रुपये कर्जातूनच कापून घेतले होते. ते परत मागायला ती मेच्या शेवटच्या सोमवारी अंधेरी पूर्वेच्या फायनान्स कंपनीत आली. सोबत सून नेत्रा होती. नेत्रा बारावी झालेली. कागद तीच वाचायची.

पैसे आजच हवे होते असं नाही, पण पाच जूनच्या आत हवेच होते. एक जूनपासून मासेमारी बंद. दोन महिने होड्या किनाऱ्यावर, बाजारात टोपली रिकामी, आणि पाच जूनला व पाच जुलैला हप्ता.

हा घोळ सुरूच बंदीवरून झाला होता. पावणेदोन वर्षांपूर्वी मुलाच्या, कृणालच्या, होडीला नवं इंजिन लागलं. कंपनीचा एजंट विकी बाजारात रोजचा, तिच्याकडूनच बोंबील न्यायचा. साडेतीन लाखांचा फॉर्म त्यानंच भरला. सही करण्याआधी कमळने त्याला एकच गोष्ट विचारली होती. "बंदीच्या दोन महिन्यांत मी हप्ता कुठून भरू?"

"मावशी, त्यासाठीच तर विमा घ्यायचा! होड्या बंद असल्या की हप्ता विमा भरणार. टेन्शन नको."

"जून, जुलै दोन्ही?"

"दोन्ही."

म्हणून पुढच्या जून-जुलैत तिने एक पैसा भरला नाही. उलट शेजारी बसणाऱ्या बायकांनाही सांगितलं, असा विमा घ्या गो. ऑगस्टमध्ये दंड लागला. मग फोन सुरू झाले. मग दोन माणसं ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी तिच्या पाटासमोर येऊन उभी राहायला लागली. विकीचा नंबर बंद होता. तो कंपनी सोडून गेला होता. शेवटी वसुली विभागातल्या हर्षदने तडजोड करून दिली. दहा हजार सहाशेपन्नासचा हप्ता सहा हजार शंभरावर आला, मुदत वाढून साठ महिने झाली. अट एकच: एक हप्ता चुकला की तडजोड रद्द, उरलेली सगळी रक्कम एकदम.

आतापर्यंत सात हप्ते वेळेवर गेले होते. आठवा पाच जूनला होता.

"मावशी, या," हर्षद म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने पाणी मागवलं, तक्रारीचा अर्ज वाचला आणि मान डोलावली. "बरोबर आहे तुमचं. नोकरी नसलेल्या माणसाला हा विमा विकायचाच नसतो. तसं सिद्ध झालं तर पूर्ण पैसे परत."

"सिद्ध काय करायचा? बाजारात ये, बघ मी कुठं बसतंय ती."

हर्षदने कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं, एक पान छापलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. कर्जाचा मूळ फॉर्म. सगळा इंग्रजीत, खाली कमळची मराठी सही.

नेत्रा वाचता वाचता थांबली. "आई, इथं लिहिलंय तुम्ही नोकरी करता. कोल्ड स्टोरेजला सुपरवायझर. पगार अठ्ठावीस हजार."

"कोण? मी?"

"पगाराची पावतीपण जोडलीय."

"माझा पगार, आणि मनाच नाय माहीत?"

पलीकडच्या टेबलावरचा माणूस हसला. हर्षद हसला नाही. "मावशी, ऐका. तुम्ही लिहून दिलंत की मी नोकरी करत नव्हते, तर विमा चुकीचा विकला हे सिद्ध होतं. पण त्याच कागदाने हेही सिद्ध होतं की कर्ज खोट्या माहितीवर घेतलं. मग फाइल वर जाते. तडजोड थांबते. दोन लाख अठ्ठ्याण्णव हजार, पंधरा दिवसांत."

"फॉर्म तुमच्या माणसाने भरला," नेत्रा म्हणाली.

"सही कुणाची आहे?"

नेत्राच्या कपाळावर आठी पडली आणि ती एकदम पुढे सरकली. "बरं, मग असं करू. फॉर्मप्रमाणे आई सुपरवायझर आहेत ना? मग गेली त्यांची नोकरी. एक जूनपासून. भरू दे विम्याला हप्ते."

"कंपनीचं पत्र लागेल, कामावरून काढल्याचं."

"कुठल्या कंपनीचं?"

"तेच तर," हर्षद म्हणाला.

कमळने वेगळं विचारून पाहिलं. पैसे राहू देत. जून-जुलैचे हप्ते शेवटी जोडता येतील का? मच्छीमारांना कधी कधी तशी सवलत देतात, असं तिनं ऐकलं होतं. हर्षदने पुन्हा त्याच पानावर बोट ठेवलं. सवलत होती, पण धंद्यावाल्यांना. पगारदाराला बाराही महिने सारखे.

मग त्याने दुसरा कागद काढला. विमा स्वतःच्या इच्छेने बंद करायचा. कारण लिहायचं नाही, कुणाचा दोष काढायचा नाही. उरलेल्या मुदतीचे अकरा हजार नऊशे परत मिळतील.

"हातात?"

"नाही. कर्जात वळते होतील. शेवटचे दोन हप्ते जवळजवळ मिटतील."

"शेवटचे म्हणजे कवाचे?"

"सप्टेंबर, ऑक्टोबर. दोन हजार एकोणतीस."

घरी जाऊन विचार करते म्हणावं, तर विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. "उद्या आलात तर रक्कम थोडी कमी होईल," हर्षदने हळूच सांगितलं. कमळने सही केली. वरच्या रकान्यात व्यवसाय छापूनच आला होता. सुपरवायझर.

जिन्यात नेत्रा म्हणाली, "आई, आपण गप्प बसायला नको होतं."

"बोललो असतो तर होडी विकायला लागली असती. चल, कृणाल जेवायचा थांबला असल."

पाच जूनचा हप्ता सुक्या बोंबलांनी भरला. बंदीत किरकोळ विकायला राखून ठेवलेला सगळा साठा तिने व्यापाऱ्याला एकदम दिला, निम्म्या भावाने. जुलैसाठी घरात काही राहिलं नाही.

सहा जूनला ती एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत गेली. तिथल्या शेडमध्ये बर्फातली कोळंबी सोलायला बायकांना घेत होते. किलोवर पैसे, हात चालला तर दिवसाला अडीचशे. एकही खाडा झाला नाही तर पंचवीस दिवसांत हप्ता. सव्विसावा दिवस घरासाठी.

दारात रेवती नावाची मुलगी रजिस्टर घेऊन बसली होती. "मावशी, याआधी कुठे काम केलंय?"

"कोल्ड स्टोरेजला," कमळ म्हणाली. "सुपरवायझर."

रेवतीने तिच्या हातांकडे पाहिलं. बोटांवर कोयत्याच्या जुन्या खुणा होत्या. "मग इथे सोलायला कशाला?"

"तिथला पगार मना कधी मिळालाच नाय."

रेवतीने नाव लिहिलं, पुढे दोन-तीन ओळी भरल्या आणि रजिस्टर सहीसाठी फिरवलं. आत पाण्याचा आवाज येत होता, मागे आणखी सहा-सात बायका उभ्या होत्या.

कमळने पेन घेतलं नाही.

"काय लिवलंस ती आधी वाचून दाव," ती म्हणाली. "सगळा."