पिसांची कोळंबी

मोनालीने परातीतल्या पाण्यात मूठभर मीठ ढवळलं आणि पिसांची कोळंबी वरून सोडली. आवाज न करता ती तळाला बसली. गळाचं टोक वर, हवं तसंच. झोळीतलं बाळ उठायच्या आत आणखी एक तरी बांधून व्हायला हवी होती.

तिचा दीर हेमराज अंदमानच्या एका बेटावर पाहुण्यांना उथळ समुद्रात मासे धरायला नेई. धरायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा, असा तो खेळ. तिथले मासे विकतची आमिषं ओळखायला लागले होते. समुद्र कधी न पाहिलेल्या वहिनीने धरणगावात बसून कोंबड्याच्या पिसांतून घडवलेली कोळंबी ते तोंडात घेतात का, ते आज ठरणार होतं. डझनभर नमुने गेले होते. मासा फसला तर हंगामाचं सगळं काम तिचं. नाही फसला तर पसारा आवरीन, असं तिने घरात कबूल केलं होतं.

घर माळकऱ्यांचं. सासूबाई, लताबाई, अडवत नसत. फक्त एकदा म्हणाल्या होत्या, त्या जीवले काय वाटत व्हई?

फोन वाजला. गुडघाभर पाण्यात उभा हेमराज पडद्यावर आला.

"वहिनी, पाच वेळा घेतली. अक्षरशः धावत येऊन घेतली."

"मग?"

"थुंकून टाकली. एकही अडकला नाही. गळांना टोकच नाही."

परातीतली कोळंबी त्याच डझनासोबत बांधलेली. मोनालीने तिचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवलं. रुतायला हवं होतं, ते घसरलं. बांधताना तर तिने एकेक तपासलं होतं. टोकावर बारीक रेघा होत्या, दगडावर घासल्यावर विळ्याला पडतात तशा.

दारात शेंगा सोलणाऱ्या लताबाईंचे हात थांबले.

"त्यास्ना तोंडले लागनं नही ना?"

मोनालीने त्या घासलेल्या टोकावरून नजर उचलून त्यांच्याकडे पाहिलं. मग फोनकडे वळली.

"भाऊजी, टोकांचं माझ्याकडून राहिलं. उद्या नवीन डझन निघेल. काम पक्कं ना?"

"माशांनी पक्कं केलं, वहिनी. मी कोण?"

फोन डब्याला टेकवून तिने एक नवा, धारदार गळ घेतला. मासा निसटू न देणारा त्याचा उलटा दात पकडीने दाबून सपाट केला, गळ केळ्याच्या सालीत रुतवला आणि ओढला. अलगद निघाला. साल फाटली नाही.

"असेच पाठवते मी, आई. दात दाबून."

लताबाईंनी गळ हातात घेतला. स्वतः रुतवला, ओढला. पुन्हा एकदा. मग फोन उचलला आणि लेकाला बजावलं,

"जितला मासा धरशात, तितलास्ना सोडाना व्हिडिओ माले धाडजो. बठ्ठास्ना."

"माय, हंगामात शेकडो होतील."

"व्हऊ दे. माले काय काम शे?"