वर्ख बसेपर्यंत

वर्ख ब्रशला चिकटावा म्हणून त्याने तो गालावरून एकदा फिरवला, श्वास धरला आणि चामड्याच्या गादीवरचा सोन्याचा वर्ख उचलून आरशाच्या चौकटीवर अलगद सोडला. वर्ख क्षणभर थरथरला आणि ओल्या सरसावर बसला. मग मान वळवून त्याने श्वास हळूहळू बाजूला सोडला. खोकला आला नाही. पलीकडे सरस ढवळत बसलेल्या बायकोने वर पाहिलं, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो मनातून सुखावला.

चौकटींना सोनेरी मुलामा देण्याचं हे काम दोघं लग्नापासून एकत्र करत आले होते. वर्ख इतका पातळ, की नुसत्या फुंकरीने उडून जावा. त्यामुळे कामाच्या वेळी दारं-खिडक्या बंद आणि पंख्याला सुट्टी. त्या बंद खोलीतच तो सिगरेट ओढायचा. बाहेर जायचं तर दार उघडावं लागे, आणि दार उघडलं की वारा आत येई. इतकं सोयीचं कारण हाताशी असल्यावर कोण उठून बाहेर जातं? चौकटीची एक बाजू झाली की एक सिगरेट, हा त्याचा नेम. नाजूक कोपरे मात्र बायकोकडे असत. तिच्याइतका वेळ श्वास धरून ठेवणं त्याला कधी जमलंच नाही.

गेल्या वर्षी त्याने सिगरेट सोडली आणि खोकला धरला, असं त्याचा मेहुणा सगळ्यांना सांगत सुटला होता. त्यात खोटं काही नव्हतं. सुरुवातीला सकाळी उठल्या उठल्या त्याला अशी उबळ यायची, की डोळ्यांतून पाणी येई. ओढत होतो तेव्हाच बरा होतो, असं तो कुरकुरायचा. बायको गरम पाण्याचा पेला हातात देऊन म्हणायची, छाती घर झाडतेय, धूळ उडणारच. हळूहळू खोकला उतरला. आणि मग एके दिवशी तिने नाजूक कोपऱ्यांचं काम त्याच्यापुढे सरकवलं. तुमचा हात आता बसलाय, माझे डोळे दमतात, एवढंच म्हणाली. त्या शाबासकीवर तो कितीतरी महिने जगला. तल्लफ आली की तिचं ते बोलणं आठवायचा आणि कामाला लागायचा.

आज छातीच्या डॉक्टरांकडे चाचणी होती. फुप्फुसं कामातून गेलीत असं निघालं, तर हे काम सोडावं लागणार होतं, आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं. रात्री त्याला नीट झोप लागली नव्हती.

"निघू या," बायको म्हणाली. "सरस गार झाला तरी चालेल."

चाचणीच्या खोलीत त्याने भलताच घोळ घातला. यंत्राच्या नळीत एका दमात, होता नव्हता तेवढा जोर लावून फुंकायचं होतं. चाचणी घेणाऱ्या बाईंनी पुन्हा पुन्हा समजावलं. तो छाती भरून श्वास घेई, पण सोडायची वेळ आली की त्याचे ओठ बारीक होत, मान बाजूला वळे आणि श्वास जपून, पुरवून पुरवून बाहेर येई. पुढ्यातल्या वस्तूवर फुंकायचं नाही, हे जन्मभर अंगात मुरलेलं. ते एका सकाळीत कुठून निघणार?

"काका, फुगा फोडायचाय असं समजा," बाई म्हणाल्या.

बायकोला हसू आवरेना. तेव्हा बाईंनी नळीचं तोंड बदललं आणि तिलाच पुढे बोलावलं. काकू, तुम्ही दाखवा बरं यांना करून.

नको नको म्हणत ती बसली. हसतच तिने नळी ओठांत धरली आणि अगदी सांगितलं तसं, जोर लावून फुंकलं. पडद्यावरची रेघ थोडी वर चढली आणि तिथेच कोलमडली. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पुन्हा एकदा करायला सांगितलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी नळी खाली ठेवताना तिने टेबलाची कड धरली होती. हसू मावळलं होतं आणि गळ्याखालची खळगी आत-बाहेर होत होती.

"काकू, तुम्ही कधी सिगरेट ओढत होतात का?"

"मी? छे."

बाईंनी तिचेही आकडे डॉक्टरांसाठी कागदावर उतरवून घेतले. तो तिच्या गळ्याकडे बघत राहिला आणि त्याला कोपऱ्यांचं काम आठवलं. तिचे डोळे कुठले दमायला. तिला श्वास धरवत नव्हता, वर्ख बसेपर्यंतसुद्धा. आणि हा शाबासकी मिळाली म्हणून फुशारत होता. त्याला इतकी लाज वाटली, की नजर कुठे ठेवावी कळेना.

त्याची चाचणी कशीबशी पार पडली. झालेलं सगळं नुकसान काही भरून येत नाही, पण वेळेवर सोडलीत, काम खुशाल करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. याच शब्दांसाठी तो जीव मुठीत धरून बसला होता. आता ते त्याच्या कानांत शिरलेही नाहीत. मग डॉक्टर तिच्याकडे वळले. तिला बरंच काही विचारून त्यांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या.

"आमच्याकडे खडूची भुकटी असते ना," ती घाईने म्हणाली. "चौकटीवरचा खडूचा थर घासताना उडते. तीच असणार."

"तीही असेल. खोलीत धूर असायचा का?"

ती पिशवीचे बंद सरळ करू लागली.

"असायचा," तो म्हणाला. "माझा."

घराकडे जाणारा रस्ता चढाचा होता.

"कधीपासून होतंय?" त्याने विचारलं.

"तुम्ही सोडायच्या आधीपासून."

"आणि सांगितलं नाहीस."

"तुमचे हाल बघत होते ना. त्यात माझं कुठे घालू? काळजीने पुन्हा ओढायला लागला असतात."

अगदी तसंच झालं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

तिची पावलं लहान झाली होती. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, एका दुकानाच्या काचेत उगाच डोकावून पाहिलं, पण थांबली नाही. थांब म्हटलं असतं, तर ती मुळीच थांबली नसती, इतकं तो तिला ओळखून होता. त्याची स्वतःची छाती मोकळी होती. हा चढ तो आता गप्पा मारत चढून गेला असता.

एका बंद दुकानाच्या पायरीपाशी त्याने भिंतीला हात टेकला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"दम लागला," तो म्हणाला. "बसू जरा."

तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या आधी पायरीवर बसली.