मीठ मागायचं नाही

हॉटेलच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढलेल्या त्या माणसाला सगळे वस्ताद म्हणत. हॉटेलात म्हणत, गल्लीत म्हणत, घरी सिलिंडर टाकायला येणारा गॅसवालाही म्हणे. फक्त स्वतःच्या घरात त्यांच्या वस्तादगिरीला कुणी विचारत नसे. घरात स्वयंपाकाचं नाव होतं बायकोचं. आणि ही बायको अशी, की लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने साधा भात लावला, तेव्हा ते पातेलं घासायचं की फेकून द्यायचं यावर घरात दोन तट पडले होते.

मग तिचं नाव झालं कसं? त्याला कारण वस्तादांची आई. "पोटासाठी बाहेर काय चूल फुंकायची ती फुंक. पण घरात बायको असताना तू पळी हातात धरलीस, तर मी या घरात जेवायची नाही," असं म्हातारीने बजावून ठेवलं होतं. त्यातच वर्षअखेरची सुट्टी आली. सुट्टीत सगळं गणगोत त्यांच्याकडे जेवायला यायचं. नवी सून रडकुंडीला आली. वस्ताद भल्या पहाटे उठले, स्वयंपाकघराचं दार आतून लावलं, वास बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि मोठं पातेलं भरून मटण शिजवून, बटाटे भाजून मोकळे झाले. मग आंघोळ करून कामावर गेले. सुट्टीच्या दिवशी सगळं जग बाहेर जेवतं, तिथे आचाऱ्याला कसली आलीय सुट्टी! परत आले तेव्हा कळलं, म्हातारीने बोटं चाटून खाल्लं आणि साऱ्या नातेवाइकांदेखत सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

खोटं एकदा पंगतीला बसलं की उठायचं नाव घेत नाही. दर वर्षी तेच होत राहिलं. म्हातारी गेली, पण तोवर लेक आणि मुलगा, दोघंही कळती झाली होती, आणि आईच्या हातची चव त्यांनी शाळेत, शेजारात मिरवली होती. पुढे आपापल्या सासरीही मिरवली. एरवी आई रोज पोटापुरतं काहीबाही रांधायची. त्यावरही पोरांकडे उत्तर तयार असे. म्हणत, आई सुट्टीसाठी जीव राखून ठेवते.

वस्तादांनी एकदोनदा विषय काढून पाहिला. बायको हसायची. "अहो, आता कुठे सांगत बसता? बरं दिसेल का ते?" तिचा हट्ट एकच होता. "मीठ मात्र मी घालणार. तेवढं तरी माझं असू द्या. अगदीच चोरी केल्यासारखं नको वाटायला." म्हणून वस्ताद सगळं शिजवून आच बारीक करत, झाकण ठेवत, "झालं गं" म्हणून हाक देत आणि आंघोळीला जात. मागून ती मिठाची बरणी घेऊन यायची. चार चमचे मीठ, आणि नाव जन्मभराचं! आयत्या बिळावर नागोबा, असं वस्ताद मनात म्हणत. बायकोवर त्यांचा जीव होता, पण हा काटा काही निघाला नाही.

या घरात आणखी एक कायदा होता. वस्तादांसमोर मीठ मागायचं नाही. हॉटेलात एकदा एका गिऱ्हाइकाने मीठ मागितलं, तर वस्ताद हातातल्या पळीसकट त्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आधी जीभ दाखवा." मालकाने मध्ये पडून माफी मागितली, पण त्या दिवसापासून हॉटेलच्या टेबलांवरून मिठाच्या बाटल्या गेल्या. घरच्या टेबलावर तर मिठाची बाटली कधी आलीच नाही. वाढत्या वयात पोरांनी कित्येक अळणी आमट्या मुकाट गिळल्या होत्या.

यंदा उन्हाळ्यात बायको गेली. पाठोपाठ हॉटेलनेही एक शाल आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला. सुट्टी जवळ आली तसा मुलाचा फोन आला. "बाबा, यंदा बाहेरच जेवू या. आईशिवाय घरी काय करणार?"

वस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घरीच जेवायचं. मी करतो."

"तुम्ही? अहो, हॉटेलातलं वेगळं आणि घरचं वेगळं."

"या तर खरं," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्यांना फार काही नको होतं. कुणाचं नाव पुसायचं नव्हतं, मेलेल्या माणसाशी कसलं भांडण! फक्त पोटच्या पोरांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की बाबा, तुमच्या हाताला चव आहे. हजारो गिऱ्हाइकांनी म्हटलं होतं. घरातल्या दोघांनी तेवढं म्हटलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच दार सताड उघडं ठेवून रांधलं. खिडक्याही उघडल्या. कांदा तांबूस होईतो परतला, मटण घातलं, आच कधी वाढवली, कधी उतरवली. मध्ये चव घेतली नाही. उकळीच्या आवाजावरून ज्याला कळतं त्याने चमचे कशाला चाटायचे? खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई जिन्यातूनच ओरडली, "वस्ताद, आज काय आम्हाला उपाशी मारणार का?" वस्ताद खूश झाले. बटाटे ओव्हनमध्ये गेले. शेवटी त्यांनी आच बारीक केली, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि सवयीने हाक दिली, "झालं गं."

मग जीभ चावली, क्षणभर तिथेच उभे राहिले, आणि आंघोळीला गेले.

दुपारी लेक आणि जावई आले, मुलगा आणि सून आली. वस्तादांनी सगळ्यांना वाढलं, स्वतःचं ताट घेऊन बसले, पण घास घेतला नाही. आचारी आधी तोंडं बघतो, मग खातो.

पहिला घास घेऊन मुलगा थांबला. "छान झालंय, बाबा," तो म्हणाला. आजारी माणसाला 'बरे दिसता हं आता' म्हणतात, त्याच आवाजात.

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "वास तर अगदी तस्साच आहे."

लेक खाली मान घालून पाव कुस्करत राहिली.

"पाणी आणतो," म्हणून जावई उठला आणि स्वयंपाकघरात गेला. जग टेबलावर भरलेला होता. परत आला तो मूठ मिटून, आणि ताटावर हात आडवा धरून जेवायला लागला. मग मुलगा उठला, नळ नीट बंद झालाय का बघायला. तोही मूठ मिटून परतला. मग सून उठली.

वस्ताद एकेकाला बघत होते. आत रडायला चाललेत, त्यांना वाटलं. तिच्या ओट्यापाशी उभं राहून डोळे पुसून यायचे आणि इथे येऊन माझं जेवण गिळायचं.

"काय कमी आहे?" त्यांनी विचारलं.

मुलाने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने नवऱ्याकडे.

"स्पष्ट बोला. मी काही कुणाला खात नाही."

"तसं नाही, बाबा," मुलगा चाचरत म्हणाला. "सगळं आहे. फक्त ती... आईच्या हातची चव नाही."

झालं! इतकी वर्षं गिळलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. "आईच्या हातची चव? अरे, तुमच्या आईला कांदा चिरता येत नव्हता धड! दर सुट्टीला पहाटे उठून मी रांधलं. दार लावून, फटीत टॉवेल कोंबून, चोरासारखं! तुम्ही चापून खाल्लंत ते माझं. आजी बोटं चाटायची ते माझं. तिने काय केलं? मीठ घातलं! चार चमचे मीठ, बस्स. आणि जन्मभर मिरवली!"

सून दचकून नवऱ्याजवळ सरकली. जावयाने ताटात डोकं घातलं. आपण काय बोलून बसलो हे वस्तादांना कळलं, पण तोंडातून गेलेला शब्द माघारी येतो थोडाच?

लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलं नाही. "म्हणजे मीठ आई घालायची?" तिने विचारलं.

"हो! तेवढंच!"

"मग बाबा," ती हळूच म्हणाली, "आज तेवढंच नाहीये."

वस्तादांना आधी कळलंच नाही. जावयाने मिटलेली मूठ टेबलावर उघडली. तळहाताला पांढरे कण चिकटले होते. "तुमच्यासमोर मागायचं नसतं ना," तो ओशाळून म्हणाला.

वस्तादांनी घास उचलून तोंडात टाकला. अळणी. ठार अळणी. नवशिक्या पोऱ्याकडून झालं असतं, तर त्याला त्यांनी पातेल्यासकट बाहेर काढलं असतं. ते घास तसाच तोंडात धरून बसून राहिले. चावायचंही सुचेना.

लेक उठली. तिने आतून पातेलं आणलं, मिठाची बरणी आणली आणि त्या घरात पहिल्यांदा ती जेवणाच्या टेबलावर ठेवली. अंदाजाने चमचे घातले, ढवळलं, सगळ्यांना पुन्हा वाढलं. मुलाने घास घेतला आणि त्याचे डोळे आपोआप मिटले.

"हां!" तो म्हणाला. "आता आली आईच्या हातची चव."

बोलल्यावर तो भानावर आला आणि बापाकडे बघायला लागला. सुनेने टेबलाखाली त्याला चिमटा काढला, पण फार उशिरा.

वस्तादांनी ताटातला घास घेतला. दर सुट्टीला ते हॉटेलात राबत, तिथेच उभ्या उभ्या काहीतरी खाऊन घेत. तिचं मीठ पडल्यावर हे पातेलं कसं लागतं, ते त्यांनी आजवर एकदाही खाऊन पाहिलं नव्हतं. त्यांनी घास सावकाश चावला.

"आली," ते म्हणाले.

मग बटाट्यांची थाळी त्यांनी लेकीकडे सरकवली. "यात पण घाल. यातही राहिलंय."